रक्तातली पातळी

स्नेहलचा फोन आला तेव्हा लिलाबाई अंगणवाडीत मुलांची वजनं घेत होती. भावजय शाळेत शिकवायची. शाळेच्या वेळात ती कधी फोन करत नसे. लिलाबाईने काट्यावरचं मूल मदतनीस बाईकडे दिलं आणि बाहेर ओट्यावर येऊन फोन कानाला लावला.

"अक्का, कामात आहात का?"

"बोल तू."

"यांचे हात थरथरताहेत. मला आधी वाटलं, झोप होत नाही म्हणून असेल. काल डॉक्टर मॅडमकडे नेलं होतं. क्रिएटिनिन वाढलंय."

"किती?"

"दोन पॉइंट तीन."

लिलाबाई खांबाला टेकली. किडनी बिघडली की रक्तात वाढणारा तो आकडा दोन वर्षं एक पॉइंट दोनच्या पुढे गेला नव्हता. दर महिन्याला जळगावहून फोन यायचा, स्नेहल आकडा सांगायची, आणि लिलाबाईचा तो दिवस बरा जायचा. दोन वर्षांपूर्वी नाशिकच्या एका हॉस्पिटलात तिची डावी किडनी काढून धाकट्या भावाच्या, संघपालच्या पोटात बसवली होती. रक्तदाबाने त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आई केव्हाच वारलेली. स्नेहलचा रक्तगट जुळत नव्हता. मग राहिली लिलाबाई.

"मॅडम काय म्हणतात?"

"टॅक्रोची पातळी तपासायला रक्त दिलंय. रिपोर्ट बाहेरून येतो. तोवर थांबा म्हणाल्या." स्नेहलचा आवाज बारीक झाला. "अक्का, तुम्हाला यायला जमेल का?"

टॅक्रो म्हणजे किडनी टिकवायचं औषध. परकी किडनी शरीराने झटकून टाकू नये म्हणून ते सकाळ-संध्याकाळ, ठरल्या वेळी, जन्मभर घ्यायचं. ते रक्तात कमी पडलं तर शरीर किडनी नाकारतं, एवढं लिलाबाईला नाशिकलाच समजावून सांगितलं होतं. स्नेहल मोबाइलवर गजर लावून ते देत असे. एकही वेळ चुकलेली नव्हती.

लिलाबाईने सुपरवायझर बाईंना फोन करून सुट्टी मागितली आणि घरी येऊन पिशवी भरली. पुना, म्हणजे तिचा नवरा, टेम्पोवर मिरचीचा माल घेऊन गेला होता. त्याला फोनवर ती फक्त म्हणाली, "संघाले बरं नही. जाई येस."

"काय व्हयनं?"

"ताप शे."

आपण का खोटं बोललो, हे तिला दोंडाईचा स्टेशनच्या बाकावर बसल्यावर कळलं. किडनी द्यायला पुनाचा विरोध होता. तो भांडला नव्हता, पण सही करायच्या आदल्या दिवशी एवढंच म्हणाला होता, "देशील, आणि तीही गेली तर? मग तू पण अर्धी आणि तो पण आजारी." त्यानंतर त्याने तो विषय कधी काढला नाही. आज त्याला खरं सांगायचं तर ते वाक्य त्याच्या तोंडून पुन्हा ऐकायला लागलं असतं. किंवा तो गप्प राहिला असता, आणि ते जास्त वाईट झालं असतं.

पॅसेंजर आली. नरडाणा गेलं, अमळनेर गेलं. समोरच्या बाईने दोनदा विचारलं, "कुठं जायचंय, ताई?" लिलाबाईने दोन्ही वेळा जळगाव सांगितलं आणि पुन्हा खिडकीबाहेर पाहत राहिली. धरणगावच्या अलीकडे गाडी सिग्नलला थांबली. दोन्ही बाजूंना वेचणी झालेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या उभ्या होत्या. गाडी हलेना. तिचा हात आपोआप डाव्या कुशीवर, टाक्यांच्या जागेवर गेला. तिथे आता दुखत नसे. आपल्या अंगातून गेलेली एक वस्तू दुसऱ्या गावात, दुसऱ्याच्या पोटात बिघडते आहे, आणि आपल्याला इथे काहीच जाणवत नाही, याचं तिला नवल वाटलं आणि भीतीही वाटली.

पिंप्राळ्यातल्या घराच्या दारात संघपाल उभा होता. चाळिशीचा, उंच, चेहरा ओढलेला.

"कसाले उनी तू?" तो म्हणाला. घरात स्नेहलशी तो साधं मराठी बोलायचा, पण बहिणीशी बोलताना गावाकडची अहिराणीच तोंडात यायची. "मी बरा शे."

"हात दखाड."

त्याने हात पॅन्टच्या खिशात घातले. ती तशीच उभी राहिली. शेवटी त्याने दोन्ही हात काढून तिच्यापुढे धरले. बोटं बारीक थरथरत होती. तिने ती आपल्या मुठीत घट्ट धरली, तरी आत थरथर चालूच होती. संघपाल आयटीआयमध्ये वायरमनचा निदेशक होता. उघड्या तारा हाताळायला शिकवणं हेच त्याचं काम.

"परवा पोरांसमोर टेस्टर पडला हातातून," तो म्हणाला. "दोनदा."

स्नेहलने चहा आणला आणि बाकीचं सांगितलं. डोकं सतत दुखतं. झोप लागत नाही. तळपायांची आग होते. बीपी वाढलंय. डॉक्टर मॅडमनी काल खोदून विचारलं होतं, नवीन काही औषध घेतलं का, कुठली दुखण्याची गोळी, कुठला काढा, काहीही. काहीच नाही, असं दोघांनी सांगितलं.

"मॅडम म्हणाल्या, दोन शक्यता आहेत," स्नेहल म्हणाली. "टॅक्रोची पातळी कमी झाली असेल तर शरीर किडनी नाकारत असेल. आणि पातळी जास्त झाली असेल तर ते औषधच किडनीला त्रास देत असेल. रिपोर्ट आल्याशिवाय सांगता येणार नाही. तोवर आहे तेच चालू ठेवायचं."

"जास्त कशी होईल?" लिलाबाई म्हणाली. "तू तर मोजून देतेस."

"तेच ना. कमीच झाली असणार."

पातळी जास्त असेल, ही शक्यता त्या घरात एवढीच बोलली गेली. बाकी सगळी भीती एकाच बाजूला होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिपोर्ट आला नाही. स्नेहलने लॅबमध्ये दोनदा फोन केला. दुपारी येईल, असं उत्तर मिळालं. संघपाल घरातल्या घरात फिरत होता. बसला की पाय हलवायचा, उठला की पाणी प्यायचा. कांदा चिरताना लिलाबाईचं लक्ष त्याच्याकडेच होतं. स्नेहल मागच्या बाजूला कपडे वाळत घालायला गेली तेव्हा तो बहिणीजवळ येऊन बसला. त्याच्या हातात टॅक्रोची पट्टी होती.

"अक्का," तो हळूच म्हणाला, "पातळी कमीच असणार ना? मग आत्ताच एखादी जास्तीची घेतो. रिपोर्ट येईपर्यंत आणखी नुकसान कसाले?"

लिलाबाईने सुरी खाली ठेवली. डॉक्टरांना विचारायला हवं, हे तिला कळत होतं. पण डॉक्टर परवापासून थांबा म्हणताहेत, आणि आत काय चाललंय ते कुणाला दिसत नाही. एक कॅप्सूल. गेली दोन वर्षं याच औषधाने भावाला जगवलं होतं.

"घे मग," ती म्हणाली.

त्याने पट्टीतून कॅप्सूल काढायला घेतली. थरथरत्या बोटांना ती सुटेना. तेवढ्यात रिकामी बादली घेऊन स्नेहल आत आली आणि तिने दोघांकडे पाहिलं.

"ही कुठली? सकाळची घेऊन झाली ना."

स्नेहलने बादली खाली ठेवली, त्याच्या हातातून पट्टी काढून घेतली आणि स्वतःच्या ओढणीच्या टोकात बांधली. "मॅडम म्हणाल्या, बदलायचं नाही. कमी नाही आणि जास्तही नाही. अक्का, तुम्ही तरी."

लिलाबाई पुन्हा कांदा चिरायला लागली.

दुपारी फोन आला तो लॅबचा नाही, थेट डॉक्टरांचा. डॉ. जिनल ओस्तवाल स्वतः बोलत होत्या. स्नेहलने फोन स्पीकरवर टाकला.

"संध्याकाळची टॅक्रो देऊ नका," त्या म्हणाल्या. "आणि त्यांना लगेच घेऊन या. भरती करावं लागेल."

"देऊ नको?" स्नेहलला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "मॅडम, टॅक्रो बंद करायची?"

"पातळी चोवीस आली आहे. त्यांची आपण सहा-सातच्या आसपास ठेवतो. विष होण्याइतकी जास्त आहे. आणखी एकही जायला नको. या तुम्ही."

फोन बंद झाला. स्नेहलने ओढणीची गाठ चाचपली आणि लिलाबाईकडे पाहिलं. कांद्याच्या ताटलीपाशी बसून आपण 'घे' म्हणालो होतो.

तरी रिक्षात बसल्यावर तिच्या मनात पुन्हा शंका आली. रक्ताच्या बाटल्या बदलल्या असतील तर? दुसऱ्याच कुणाचा रिपोर्ट असेल तर? एक वेळही चुकवायची नाही, असं दोन वर्षं सांगत आलेले डॉक्टर आज बंद करा म्हणतात. आणि खरं म्हणजे पातळी कमीच असेल, तर आज संध्याकाळी किडनी उपाशी राहणार. तिने हे बोलून दाखवलं नाही. संघपाल डोकं धरून बसला होता.

डॉ. जिनल तरुण होत्या, पस्तिशीच्या. बोलणं तुटक, पण समोरच्याचं पूर्ण ऐकून घेणाऱ्या. त्यांनी संघपालचे हात पाहिले, बीपी घेतलं, पाय दाबून पाहिले.

"बाटली बदलली नसेल ना?" शेवटी लिलाबाईने विचारलंच.

"मलाही तीच शंका आली. आत्ता पुन्हा रक्त घेऊ. पण हातांची थरथर, डोकेदुखी, झोप नसणं, हे सगळं पातळी जास्त असल्याचंच लक्षण आहे. रिपोर्ट खरा असावा." त्या संघपालकडे वळल्या. "डोस तोच, वेळा त्याच. तरी पातळी चौपट. हे आपोआप होत नाही. सर, नीट आठवा. गेल्या महिन्याभरात काही नवीन घेतलं? खोकल्याचं, पोटाचं, दाताचं, काहीही?"

"नाही," संघपाल म्हणाला.

"मी घरातलं सगळं पाहते, मॅडम," स्नेहल म्हणाली. "बाहेरचं काही नाही."

डॉक्टरांनी केसपेपरवर काहीतरी लिहिलं. "ठीक आहे. सलाईन सुरू करू. पण कारण सापडलं नाही तर मला किडनीचा तुकडा काढून तपासावा लागेल. कारण सोबत आणखी काही चालू असेल तर ते अंदाजावर सोडता येत नाही."

तुकडा म्हणजे सुई. लिलाबाईने हाताची बोटं एकमेकांत घट्ट अडकवली. ती सुई भावाच्या पोटात जाणार होती आणि तिच्याच किडनीचा तुकडा काढणार होती.

संघपालला खोलीत हलवलं. सलाईन लागलं. स्नेहल कपडे आणि डबा आणायला घरी निघाली. लिलाबाई तिच्यासोबत जिन्यापर्यंत गेली. जिन्याच्या वळणावर स्नेहल थांबली.

"अक्का, एक विचारू? यांनी तुम्हाला काही सांगितलंय का? माझ्याबद्दल?"

"तुझ्याबद्दल काय?"

"बरेच दिवस झाले, बाहेरच्या खोलीत झोपतात. मी जवळ गेले की उठून जातात. आंघोळीला गेले की दार लावून कितीतरी वेळ बाहेर येत नाहीत. मला वाटलं, सतत औषध, पथ्य, गजर, माझ्या टोकण्याचाच कंटाळा आला असेल." तिने ओढणीने डोळे पुसले. "आता हे बोलायची वेळ नाही, कळतंय मला."

लिलाबाईने स्नेहलच्या पाठीवर हात ठेवला, आणि ती गेल्यावर खोलीत परत आली.

संघपाल डोळे मिटून पडला होता. सलाईन नसलेला हात चादरीखाली होता आणि चादर हलत होती. आधी तिला वाटलं, थरथर आहे. मग दिसलं, तो मांडी खाजवत होता. बराच वेळ, जोर लावून. तिने स्टूल पलंगाजवळ ओढलं.

"काय व्हयनं तठे?"

त्याने हात काढून घेतला. "काही नही. घाम."

"संघा, माले खरं सांग."

तो भिंतीकडे पाहायला लागला. लहानपणी आई दुसऱ्यांच्या शेतावर जायची तेव्हा याला आंघोळ घालायचं काम लिलाबाईचं होतं. गुडघा फुटला तरी हा सांगायचा नाही, चड्डी खाली ओढून झाकायचा.

"नायटा शे," अखेर तो म्हणाला. "जांघेत. कमरेपर्यंत गयेल शे."

"कधीपासून?"

"पावसाळ्यापासून. मलम लावले दोन-तीन. जाईना. मग धुळ्याला प्रॅक्टिकलच्या परीक्षेला गेलो होतो, तिथं एका कातडीच्या डॉक्टरला दाखवलं. त्यांनी कॅप्सूल दिल्या. रोज दोन. महिनाभर घ्यायच्या." तो आता मराठीत बोलत होता, जणू डॉक्टरांनाच उत्तर देत होता. "आराम पडायला लागला होता."

"धुळ्याला कशासाठी? जळगावात डॉक्टर नाहीत?"

"इथं सगळे ओळखतात. स्नेहलच्या कानावर गेलं असतं."

"आणि त्या डॉक्टरला सांगितलं, किडनी बदललीय म्हणून?"

त्याने मान हलवली. नाही. "त्यांनी विचारलं, दुसरं काही औषध चालू आहे का. मी म्हटलं, बीपीची गोळी. बाहेर रांग होती. खाजेसाठी गेलेला माणूस मी. किडनीची सगळी कथा काय सांगायची?"

"आज घेतली?"

"सकाळी. आयटीआयच्या बॅगेत ठेवतो. बाथरूममध्ये नेऊन घेतली."

लिलाबाई उठली. त्याने तिचा पदर धरला.

"अक्का, नायट्याच्या कॅप्सूलचा आणि याचा काय संबंध? उगीच सांगू नको. स्नेहलला कळेल. तिला आधीच प्रत्येक गोष्टीची भीती. सर्दी झाली तरी रात्रभर बसून राहते. तिला लागण होईल म्हणून मी बाहेर झोपतो. आणि तुला, तू दिलेली वस्तू मी नीट ठेवली नाही असं वाटेल."

"संबंध शे का नही, ते तू ठरावशील? का मी?" लिलाबाईने पदर सोडवून घेतला. "बठ्ठं सांगी टाक डॉक्टरले. नहीतर मी सांगस."

ती बाहेर गेली आणि नर्सला म्हणाली, मॅडमना बोलवा, लगेच.

डॉ. जिनल आल्या. संघपालने त्यांच्याकडे न पाहता कॅप्सूलचं नाव सांगितलं. नाव ऐकताच डॉक्टरांनी पलंगाची कड धरली आणि मोठा श्वास सोडला. त्या रागावतील असं लिलाबाईला वाटलं होतं. त्या स्टूल ओढून बसल्या.

"मिळालं कारण," त्या म्हणाल्या. "सर, ऐका. आपल्या यकृतात आणि आतड्यात एन्झाइम असतात. औषध आत गेलं की ते मोडून बाहेर घालवायचं, हे त्यांचं काम. टॅक्रो ज्या एन्झाइममुळे मोडते, नेमकं त्यालाच ही नायट्याची कॅप्सूल काम करू देत नाही. मग तुम्ही टॅक्रो रोज तेवढीच घेता, पण आधीची मोडलेलीच नसते. तिच्यावर दुसरी येते, दुसरीवर तिसरी. रक्तात साचत जाते."

"नायट्याच्या औषधाने?" लिलाबाई म्हणाली.

"हो. नायट्यासाठी ते औषध चांगलंच आहे. तुम्ही आम्ही घेतलं तर बहुधा काही होणार नाही. काही अँटिबायोटिकही असंच करतात, बीपीची एखाददुसरी गोळीसुद्धा. टीबीच्या औषधाने उलटं होतं, तो एन्झाइम वाढतो आणि टॅक्रोची पातळी एकदम खाली जाते. म्हणून प्रत्येक वेळी विचारते मी. परवा विचारलं होतं, आज विचारलं होतं."

संघपाल खाली मान घालून ऐकत होता. "मग आता ती बंद केली की उतरेल?"

"उतरेल, पण लगेच नाही. ती कॅप्सूल अंगातून जायला वेळ घेते. काही दिवस टॅक्रो बंद किंवा अगदी थोडी. मग एन्झाइम हळूहळू कामाला लागेल, तेव्हा पातळी घसरेल. तेव्हा आपण गाफील राहिलो तर ती गरजेपेक्षा खाली जाईल आणि किडनी नाकारायची भीती तिथे आहे. म्हणजे आता वरून खाली येताना जपायचंय. सतत रक्त तपासावं लागेल."

"आणि सुई?"

"सध्या थांबू. आकडा उतरायला लागला तर नको."

धुळ्याच्या त्या डॉक्टरांनाही आपण फोन करू, असं डॉ. जिनल म्हणाल्या. त्यांना कळायला हवं. मग त्या जायला उठल्या, आणि त्यांच्यासोबत लिलाबाईही उठली. उठताना तिने पलंगाचा आधार घेतला आणि उजव्या गुडघ्यावर हात दाबला.

डॉक्टरांनी ते पाहिलं. "गुडघा कधीपासून?"

"वर्ष झालं. खाली बसायचं काम ना. मुलांमध्ये."

"काय घेता?"

संघपाल मान वर करून तिच्याकडे पाहत होता.

"कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून गोळी घेते," ती म्हणाली. "लाल वेष्टनातली. दुखलं की."

"आठवड्यातून किती वेळा दुखतं?"

"रोजच म्हणा."

"एका किडनीवर आहात, अक्का. दुखण्याच्या त्या गोळ्या किडनीला मारतात. नाशिकला सांगितलं असेल तुम्हाला."

सांगितलं होतं. पण गुडघा धरून पुनासमोर बसलं की तो काही न बोलता बघत राहायचा, म्हणून ती गोळी घेऊन टाकायची आणि उभी राहायची. हे तिने डॉक्टरांना सांगितलं नाही. डॉक्टरांनी नर्सला हाक मारली आणि लिलाबाईच्या हातातूनही रक्त घ्यायला लावलं.

स्नेहल डबा घेऊन परतली तेव्हा लिलाबाई बाहेरच्या बाकावर दंडावर कापूस धरून बसली होती. स्नेहल घाबरली. "तुमचं रक्त कशाला?"

"ते मग सांगते. तू आत जा. त्याला तुला काही सांगायचंय."

"काय?"

"तोच सांगेल."

दार पूर्ण लागलं नव्हतं. लिलाबाईला त्याचा खालचा आवाज ऐकू येत होता, शब्द नाही. मग स्नेहलचा आवाज चढला. "नायटा? नायट्यासाठी?" लिलाबाई उठून खिडकीपाशी गेली, कारण यापुढचं ऐकणं तिला बरं वाटलं नाही. खाली रस्त्यावर केळीच्या घडांनी भरलेला ट्रॅक्टर अडकला होता आणि मागच्या रिक्षा हॉर्न वाजवत होत्या.

स्नेहल बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. ती लिलाबाईशेजारी उभी राहिली.

"मी काय काय विचार केला, अक्का," ती म्हणाली. "एवढे दिवस. काय काय."

पुढचे दिवस आकड्यांची वाट बघण्यात गेले. दुसऱ्या रक्ताचा रिपोर्ट आला, पातळी आणखी थोडी वर. कॅप्सूल बंद होऊनही वर कशी, म्हणून स्नेहलचा धीर सुटला. डॉक्टर म्हणाल्या, अंगातली अजून गेलेली नाही, थांबा. टॅक्रो बंदच होती. गजर मात्र रोज सकाळी वाजायचा आणि स्नेहल दचकून हात पुढे करायची. एकदा तिने तो बंद करायला घेतला आणि पुन्हा तसाच राहू दिला.

मग पातळी उतरायला लागली. आधी हळूहळू, नंतर भरभर. संघपालला सलग झोप लागली. सकाळी तो स्वतः पेला धरून पाणी प्यायला, आणि लिलाबाई त्या पेल्याकडे एकटक पाहत राहिली. क्रिएटिनिन दोनच्या खाली आलं. सुई लागली नाही. टॅक्रो पुन्हा सुरू झाली, अगदी लहान डोसपासून. घरी सोडलं, पण दर दोन दिवसांनी रक्त द्यायला यायचं, या अटीवर.

लिलाबाईचा स्वतःचा रिपोर्ट ठीक आला. काठावर, पण ठीक. गोळ्या कायमच्या बंद, व्यायाम आणि वजनाचं बघा, असं डॉ. जिनलनी सांगितलं. त्या दिवशी तिने पुनाला फोन केला आणि तापाची गोष्ट खोटी होती हे सांगून टाकलं. चढलेली पातळी, नायटा, सलाईन, शेवटी आपला गुडघा आणि लाल गोळी, सगळं. पलीकडे टेम्पोचं इंजिन चालू होतं. ते बंद झालं.

"आते कसा शे तो?" पुनाने विचारलं.

"उतरी राहिनं."

"आणि तू?"

"बरी शे."

"रहा मग तठेच. रक्त नीट येवाले लागनं का मग ये. मी खाई लेसू काहीतरी." थोडं थांबून तो म्हणाला, "ते मेडिकलवाल्याले मी सांगस, तुले ती गोळी देवानी नही."

ती परतायच्या काही दिवस आधी पुन्हा एकदा सगळे घाबरले. टॅक्रोची पातळी चारवर आली होती, गरजेपेक्षा कमी. डॉक्टरांनी हेच सांगून ठेवलं होतं, तरी आकडा पाहिल्यावर तिघांच्याही तोंडचं पाणी पळालं. डोस वाढवला गेला. पुढच्या रिपोर्टमध्ये पातळी साडेसहा आली, आणि क्रिएटिनिन एक पॉइंट पाच.

"एक पॉइंट दोन पुन्हा होईल का?" संघपालने विचारलं.

डॉ. जिनलनी रिपोर्ट टेबलावर ठेवला. "थोडं उतरेल कदाचित. पूर्ण येईलच असं नाही सांगू शकत. एवढे दिवस किडनीने त्रास काढलाय." त्यांनी नायट्यासाठी एक मलम लिहून दिलं, आणि कपडे गरम पाण्यात धुवून कडक उन्हात वाळवायला सांगितले. बरं व्हायला महिने लागतील, पण कॅप्सूल नाही.

घरी आल्यावर संघपालने स्वतःच पातेल्यात पाणी तापवलं आणि मागच्या बाजूला बसून आपले कपडे धुतले. स्नेहल दारात उभी राहून पाहत होती. तिने मदत केली नाही, पण ती तिथून हललीही नाही. धुऊन झाल्यावर तो मलमाची ट्यूब घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "पाठीमागे कमरेवर हात पुरत नाही."

"आत या," स्नेहल म्हणाली.

लिलाबाईने पिशवी भरायला घेतली. एक पॉइंट पाच. पूर्वीचा आकडा गेला, आता हा धरून राहायचं. पुढच्या महिन्यात फोन येईल तेव्हा कोणता आकडा ऐकायला मिळेल, याचा विचार तिने करायचा नाही असं ठरवलं, आणि साडीच्या घड्या घालताना तोच करत राहिली.